काचेत मीच दिसते! (दुकानाच्या दर्शनी खिडकीसाठी मदत हवी)

अर्धी_ओळ

मंडळी, मदत हवी आहे, आणि जरा घाईनेच.

एका मैत्रिणीचं चपला-बुटांचं दुकान आहे. "तुझा चित्रकलेत हात बरा आहे" एवढ्या भांडवलावर तिने दुकानाची दर्शनी खिडकी माझ्या गळ्यात मारली. काच साधारण तीन मीटर रुंद, आतली जागा मीटरभर खोल, मागे प्लायवूडची भिंत. मी उत्साहाच्या भरात ती भिंत गडद निळी, जवळजवळ काळीच रंगवली. वर कापसाचे ढग लटकवले, खाली काळे आणि तपकिरी बूट मांडले, जणू ढगांखालून कुणी चालत निघालंय. काम संपलं तेव्हा रात्र झाली होती. रस्त्यापलीकडून पाहिलं आणि खोटं कशाला बोलू, स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. काचेत समोरची इमारत, उभ्या गाड्या, आभाळ, आणि मधोमध पिशवी घेतलेली मी. बूट गायब. ढग अंधुक दिसत होते, पण ते माझे की खरे तेही कळेना.

मैत्रीण म्हणते दिवे वाढव. तिचा नवरा म्हणतो माल वाढव. मला वाटतंय गाशा गुंडाळावा. कोणाचं ऐकू?

फुकटचा_सल्ला

आरसे विकायला ठेवा. मांडणी तयारच आहे.

कंदील

दिव्यांचं काम करतो, म्हणून आधी हिशेब सांगतो. कंटाळलात तर शेवटचा परिच्छेद वाचा.

साध्या काचेचा एक पृष्ठभाग समोरून पडलेल्या उजेडापैकी सुमारे ४ टक्के परत फेकतो. काचेला पृष्ठभाग दोन, म्हणजे ८ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण भर उन्हात समोरच्या इमारतीवर ५०,००० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड सहज असतो. त्याचे ८ टक्के झाले ४,०००. तुमच्या खिडकीत फोकस धरून १,५०० लक्स असतील तर खूप म्हणायचे. म्हणजे समोरची भिंत आणि तुमचा माल अगदी एका रंगाचे असते, तरी काचेतली भिंत मालाच्या अडीच पटीहून जास्त उजळ दिसली असती. त्यात तुमचे बूट काळे आणि मागची भिंतही काळी! काचेच्या तुकड्याला मागून काळा रंग फासा, त्यात तोंड बघून भांग पाडता येतो. तुम्ही तीन मीटरचा तसला तुकडा तयार केलाय.

शिवाय हा ८ टक्क्यांचा हिशेब काचेसमोर सरळ उभं राहणाऱ्याचा. रस्त्याने चालणारा माणूस खिडकी तिरकी बघत येतो, आणि तिरक्या नजरेला प्रतिबिंब वाढतं. साठ अंशांच्या कोनात एकेका पृष्ठभागाचे ४ टक्क्यांचे जवळपास ९ होतात.

तेव्हा मैत्रिणीचं म्हणणं रात्रीपुरतं खरं. दिवसा दिवे वाढवून सूर्याशी शर्यत लावू नका, हराल आणि वर विजेचं बिल येईल. आधी मागची भिंत फिकी करा. बाहेरून कापडी छत लावता आलं तर तेही बघा. काचेतलं आभाळ तरी झाकलं जाईल.

अर्धी_ओळ

कंदील, धन्यवाद. दोन हात दिले होते हो त्या निळ्याचे. असो.

पण एक गंमत दिसली. काचेजवळ गेलं की माझी आकृती काचेत पडते, आणि त्या आकृतीच्या आतच बूट स्वच्छ दिसतात. डोकं, खांदे, पिशवी, तेवढ्याच आकाराचं भोक पाडल्यासारखं. बाजूला सरकले की भोकही सरकतं. असं का?

कंदील

कारण तुमच्या अंगावरचे कपडे समोरच्या भिंतीइतके उजळ नाहीत. काचेला तुमच्याकडून फेकायला उजेडच कमी मिळतो, त्यामुळे तेवढ्या भागात आतलं दृश्य जिंकतं. लोक काचेला नाक लावून, दोन्ही हातांचा आडोसा करून आत बघतात ते याच कारणाने. पांढरा सदरा घालून जा, भोक बुजलेलं दिसेल.

टाचणी

हा धागा उशिरा पाहिला. मी एकोणीस वर्षं खिडक्याच भरते. (हो, असं काम असतं. नाही, मी दुकानातली सेल्सगर्ल नव्हे. हे दोन्ही प्रश्न दर वेळी येतात म्हणून आधीच.)

अर्धी_ओळ, तुमची चूक रंगाची नाही. तुम्ही खिडकी आतून भरलीत, ही चूक. सगळे नवखे हेच करतात. काचेच्या आत गुडघ्यावर बसून तासन् तास बूट सरकवतात, आणि तिथून जे छान दिसतं ते बाहेरून कुणालाच दिसणार नसतं. माझी पहिली दोन वर्षं एका उस्तादाच्या हाताखाली गेली. तो आत जायचाच नाही. फुटपाथवर उभा राहून बोटाने खुणा करायचा, आत मी घामाघूम. काच बंद, आवाज पोचत नाही, नुसते हातवारे. येणारे-जाणारे थांबून आमचंच बघत बसायचे, त्यामुळे मांडणी व्हायच्या आतच खिडकीची जाहिरात झालेली असायची.

आता एक साधा हिशेब. माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर चालतो. तुमची काच तीन मीटर. म्हणजे खिडकी पुरती समोर आल्यापासून मागे पडेपर्यंत दोन सेकंद. तेवढ्यात ढग बघायचे, बूट बघायचे, "ढगांखालून कुणी चालत निघालंय" ही कल्पना कळून घ्यायची? नाही हो होत. दोन सेकंदांत एक गोष्ट पोचते. ती कोणती हे आधी ठरवा, बाकीचं सगळं तिच्या चाकरीला लावा.

आणि बूट जमिनीवर ठेवलेत ना? माणूस वरून बघतो तेव्हा त्याला बुटाचं फक्त तोंड दिसतं. बुटाची सगळी ऐट त्याच्या कडेच्या रेषेत असते. गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात उचला, टाच जरा वर, नाक रस्त्याकडे तिरकं. आत कागद ठासून भरा, पण फुगवू नका. नाड्यांची टोकं आत खोचा. तळवे पुसा, उचललेल्या बुटाचा तळवा दिसतो. नायलॉनची दोरी वापरू नका, लांबूनही डोळ्यात येते; मासे धरायचा तंगूस घ्या, बारीकातला बारीक. वजन पेलत नसेल तर दोन तंगूस वापरा, पण जाड नको.

गल्लेवाला

तीस वर्षं गल्ल्यावर बसतो, तेव्हा जरा उलटं बोलतो.

"एकच गोष्ट दाखवा" हे ऐकायला झकास. पण गिऱ्हाईक खिडकीत बघतं ते एवढ्यासाठीच, की मला हवं ते यांच्याकडे आहे का. माझी खिडकी खच्चून भरलेली असते. लोक उभे राहून शोधतात, बोट दाखवतात, "तो तिसऱ्या रांगेतला काढा" म्हणत आत येतात. तीच माझी यादी, तीच जाहिरात. एकदा एका हौशी पोराने खिडकी रिकामी करून मधोमध एक स्टूल आणि त्यावर एक वस्तू ठेवली. आठवडाभर लोक दारात येऊन विचारत होते, दुकान बंद होतंय का?

टाचणी

गल्लेवाला काका, तुमच्याशी भांडण नाही, कारण तुमचं बरोबर आहे. भरलेली खिडकी सांगते, "सगळं मिळेल, परवडेल, या." रिकामी खिडकी सांगते, "निवडून ठेवलंय, दाम विचारायला जरा धीर लागेल." गिऱ्हाईक हे शिकवल्याशिवाय वाचतं. तुमच्या दुकानावर रिकामी खिडकी म्हणजे खोटं बोलणं झालं, आणि ते लोकांना लगेच कळलं.

माझी तक्रार भरण्याबद्दल नाही, ढिगाबद्दल आहे. भरलेल्या खिडकीलाही घडी लागते. पन्नास वस्तू रंगाने लावल्या तर नजरेला पाच पट्टे दिसतात, पन्नास वस्तू नाहीत. एकाच वस्तूचे चाळीस नग ओळीने लावून एक्केचाळिसावा तिरका ठेवा, बघा काय होतं ते. ही भरलेलीच खिडकी, पण तिच्यातही गोष्ट एकच आहे.

जुनी_पाटी

या वादाला शंभर वर्षं होऊन गेली आहेत, म्हणून राहवत नाही. (लांबण लागेल. चहा घेऊन बसा.)

मोठ्या काचा स्वस्त होईपर्यंत हा प्रश्नच नव्हता. ब्रिटनमध्ये काचेवरचं अबकारी शुल्क १८४५ मध्ये उठलं आणि त्यानंतर दुकानांच्या बारक्या तावदानांची जागा सलग काचा घेऊ लागल्या. सुरुवातीला दुकानदारांनी तेच केलं जे गल्लेवाला करतात, म्हणजे असेल नसेल ते काचेला लावून टाकलं. अमेरिकेत एका गृहस्थाला हे पटेना. एल. फ्रँक बॉम. १८९७ मध्ये त्याने शिकागोहून खिडक्यांच्या मांडणीला वाहिलेलं मासिक काढलं, पुढच्या वर्षी खिडक्या सजवणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना उभी केली, आणि १९०० साली कापडदुकानांच्या खिडक्या कशा सजवाव्यात यावर पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी त्याचं दुसरंही एक पुस्तक आलं, ओझच्या जादूगाराचं. जग त्याला त्या दुसऱ्यासाठी ओळखतं. त्या काळी खिडकीत फिरती चक्रं आणि यंत्रावर हलणाऱ्या आकृत्या यांची चलती होती. हलणाऱ्या वस्तूकडे मान वळतेच, हे तो जाणून होता.

मग १९०९ मध्ये गॉर्डन सेल्फ्रिजने लंडनला ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दुकान उघडलं. हा शिकागोत मार्शल फील्डच्या दुकानात मुरलेला माणूस. त्याने खिडक्यांत मालाच्या याद्या नव्हे, प्रसंग उभे केले आणि दुकान बंद झाल्यावरही दिवे रात्री उशिरापर्यंत चालू ठेवले. खरेदी करता येत नसताना खिडकी दाखवायची! आज आपल्याला यात काहीच वाटत नाही.

आणि रिकाम्या खिडकीचा मूळपुरुष म्हणाल तर फ्रेडरिक किसलर. वास्तुरचनाकार. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅक्स फिफ्थ ॲव्हेन्यू या दुकानाच्या एका खिडकीत त्याने एक खुर्ची ठेवली, तिच्यावर एक कोट टाकला, हातमोजे ठेवले, आणि बाकी जागा तशीच सोडली. कोणीतरी आत्ताच उठून गेलंय असं वाटायला लावणारी. १९३० मध्ये त्याने याच विषयावर पुस्तकही लिहिलं.

पण सगळ्यांवर कडी केली ती न्यूयॉर्कच्याच लॉर्ड अँड टेलर या दुकानाने, १९३० च्या दशकाच्या अखेरीस. नाताळाच्या खिडक्यांत माल शून्य. नुसत्या झुलणाऱ्या सोनेरी घंटा आणि त्यांचा आवाज. विकायला काहीही नाही!

गल्लेवाला

घंटा कोणी मागितली तर काय सांगायचे?

फुकटचा_सल्ला

काका, "मिळेल घंटा" असं सांगायचं.

निळी_शाई

वाचतेय. पण एक प्रश्न राहून राहून येतो. टाचणी, राग मानू नका. ही कला म्हणायची का? शेवटी बूट खपवायचे आहेत. पंधरा दिवसांनी सगळं उचकटून कचऱ्यात. कोणी सही करत नाही, कोणी जपून ठेवत नाही.

टाचणी

राग कसला. मी तिला काम म्हणते, भाडं त्यावर निघतं. पण उचकटताना दर वेळी पोटात कालवतं, ते कशामुळे हे तुम्हीच सांगा.

जुनी_पाटी

निळी_शाई, तुमच्या प्रश्नाला किस्से देतो, उत्तर तुम्ही काढा.

१९३९, न्यूयॉर्क, बॉनविट टेलर नावाचं बड्या घरच्या बायकांचं दुकान. त्यांनी चित्रकार साल्वादोर दालीला खिडक्या सजवायला बोलावलं. त्याने एकीत केसाळ कातड्याचं अस्तर लावलेला बाथटब ठेवला. बघणाऱ्यांनी तक्रारी केल्या, दुकानाने त्याला न विचारता पुतळे बदलले. दाली आला, बघून भडकला, खिडकीत शिरला आणि टब ओढायला लागला. टब घसरला, काच फोडून थेट फुटपाथवर, मागोमाग दाली. पोलिसांनी धरलं. न्यायालयाने शिक्षा स्थगित ठेवून सोडून दिलं.

त्याच दुकानाच्या खिडकीत १९६१ मध्ये पुतळ्यांच्या मागे पाच मोठी चित्रं टांगली होती, व्यंगचित्रांतली आणि जाहिरातींतली पात्रं रंगवलेली. कपड्यांची पार्श्वभूमी म्हणून. रंगवणारा अँडी वॉरहोल, पुढे जगप्रसिद्ध झालेला चित्रकार. ती चित्रं आज कुठे गेली आणि ते कपडे कुठे, हे सांगायला नकोच.

आणि जीन मूर. हा माझा आवडता. टिफनी या जवाहिऱ्यांच्या खिडक्या त्याने १९५५ पासून १९९४ पर्यंत सांभाळल्या. त्या खिडक्या अगदी लहान, पोस्टाच्या खिडकीसारख्या म्हणा. मूर हिऱ्यांशेजारी अंडी ठेवायचा, सुतळी ठेवायचा, माती टाकायचा. १९६५ मध्ये न्यूयॉर्कला पाणीटंचाई होती. त्याच्या खिडकीत कारंजं उडत होतं, पण त्यात पाण्याऐवजी जिन होती. जॅस्पर जॉन्स आणि रॉबर्ट राउशेनबर्ग हे दोघे चित्रकार पोटासाठी त्याच्या खिडक्यांचं काम करायचे, "मॅट्सन जोन्स" या खोट्या नावाने. खरी नावं चित्रांसाठी राखून ठेवली होती. म्हणजे सही कोणी करत नाही ही तुमची तक्रार त्यांनी स्वतःच खरी करून दाखवली.

टाचणी

मूरकडून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे ती सुतळी. महाग वस्तूशेजारी महाग वस्तू ठेवली की दोन्ही एकमेकींना खातात. मखमल, सोनेरी चौकट, वर झुंबर, आणि त्यात दागिना. नजर दागिन्यावर ठरणारच नाही. खरबरीत, स्वस्त, ओळखीचं असं काहीतरी बाजूला हवं. मी एकदा चामड्याच्या अतिशय देखण्या बॅगा विटांच्या चळतीवर ठेवल्या. मालक विटा बघून हादरला. "साफ करून आणा" म्हणाला. नाही केल्या. विटेची माती होती म्हणून तर चामडं उठून दिसत होतं.

निळी_शाई

हे पटलं. पुतळ्यांबद्दलही बोला ना कोणीतरी. बिनडोक्याचे पुतळे का असतात? मला लहानपणी भीती वाटायची, अजूनही फार प्रेम नाही.

टाचणी

चेहरा असला की माणूस आधी चेहऱ्याकडे बघतो, कपड्याकडे नंतर. शिवाय चेहरा लवकर जुना होतो. भुवया आणि ओठांची फॅशन कपड्यापेक्षा आधी उलटते. डोकं नसलं की विग नको, रंगरंगोटी नको, पुतळा दहा वर्षं चालतो. हिशेबाचं कारण हेच. आम्ही त्यांना "डमी" म्हणतो आणि हात काढून ठेवतो, कारण बाही चढवताना हात सुटा लागतो. गोदामात रांगेने नुसते हात टांगलेले असतात. तुम्ही येऊ नका.

जुनी_पाटी

पूर्वी मेणाचे असत, काचेचे डोळे आणि खरे केस लावलेले. उन्हाळ्यात दर्शनी काचेमागे त्यांचं काय होत असेल याची कल्पना करा. १९३० च्या दशकात लेस्टर गाबाने प्लास्टरची "सिंथिया" घडवली आणि तिला चक्क पार्ट्यांना घेऊन हिंडला, तिची छायाचित्रं मासिकांत छापून आली. १९६६ मध्ये अॅडेल रूटस्टीनने ट्विगी या मॉडेलवरून पुतळा केला, तिथपासून पुतळे चालत्या-बोलत्या ओळखीच्या माणसांसारखे दिसायला लागले.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे प्रतिबिंबाकडे. युजीन आत्जे या छायाचित्रकाराचं १९२५ चं एक छायाचित्र आहे, पॅरिसच्या गोबलँ रस्त्यावरच्या कपड्यांच्या दुकानाचं. काचेमागे सुटातले पुतळे, आणि काचेवर समोरची इमारत आणि झाडं. पुतळे झाडांत उभे आहेत की झाडं दुकानात शिरली आहेत, समजत नाही. अर्धी_ओळ, तुमच्या दुपारच्या खिडकीचं वर्णन वाचून तेच आठवलं. दुकानदाराची अडचण ती छायाचित्रकाराची करामत!

अडचण सोडवायचे प्रयत्नही झाले. लंडनला टॉटनहॅम कोर्ट रोडवर हील्स या फर्निचरच्या दुकानाला १९३० च्या दशकात आतल्या बाजूला वळणाऱ्या खोलगट काचा बसवल्या. वळण असं हिशेबाने दिलेलं की प्रतिबिंब रस्त्याचं न पडता काळ्या रंगवलेल्या कप्प्याचं पडावं. समोर उभं राहिलं की काच आहे हेच कळत नाही.

कंदील

वा, हे माहीत होतं पण विसरलो होतो. तुम्ही सांगितलंत ते म्हणजे अर्धी_ओळच्या अंगाकृती भोकाचंच मोठं रूप. काचेला फेकायला अंधार द्या, आतलं दिसेल.

दुसरा रस्ता लेपाचा. जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या कॅथरीन ब्लॉजेटने १९३८ मध्ये काचेवर साबणासारख्या पदार्थाचे एकेका रेणूइतके जाड असे ४४ थर चढवले. सगळ्या थरांची मिळून जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाव. त्यामुळे लेपाच्या वरून आणि खालून परतणारा उजेड एकमेकाला मारतो आणि प्रतिबिंब जवळजवळ उरत नाही. लेप मऊ होता, पुसला की जायचा. आताचे लेप टिकाऊ आहेत, पण तीन मीटर काचेला लावण्याआधी मैत्रिणीला बसायला खुर्ची द्या.

दिव्यांचं राहिलंच. फोकस काचेच्या वरच्या कडेला, आतल्या बाजूने लावा आणि तोंड आत, खाली, तिरकं ठेवा. मागून पुढे मारलात तर बघणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. मुख्य वस्तूवर आजूबाजूच्या पाचपट उजेड असेल तर ती उठून दिसते. सगळीकडे सारखाच झगझगाट केला तर काहीच दिसत नाही, फक्त खूप उजेड दिसतो. आणि काळं चामडं समोरच्या उजेडात कोळसा होतं. एक दिवा कडेने, जवळजवळ चामड्याला घासून जाईल असा मारा. मग वळण, शिवण, सुरकुती सगळं दिसेल. रंग नीट उमटवणारे, नव्वदच्या वरच्या रंग-निर्देशांकाचे (CRI) दिवे घ्या, नाहीतर तपकिरी आणि मरून एकच दिसतात आणि दारात भांडण होतं.

गल्लेवाला

दिव्यांवरून आठवलं. कोणी सांगत नाही ते मी सांगतो. खिडकीत जोडीतला एकच पाय ठेवायची आमची पद्धत, चोरला तरी उपयोग नाही म्हणून. तीन महिन्यांनी गिऱ्हाईक नेमकं तेच मागतं. डावा खिडकीतून काढला, उजवा खोक्यातून काढला. डावा फिका, उजवा नवा कोरा. दोघं सख्खे भाऊ वाटत नाहीत. अशी कितीतरी जोडपी मी मोडलीत. आजही एका फळीवर नुसते उजवे पडलेत.

कंदील

काका, हसू आलं, पण हिशेब भयंकर आहे. संग्रहालयात नाजूक रंगाच्या वस्तूंवर ५० लक्सच्या वर उजेड पडू देत नाहीत. दिवसाला आठ तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तर वर्षाचे १,२०,००० लक्स-तास. तुमच्या खिडकीत १,००० लक्स, दिवसाला दहा तास, तीस दिवस म्हणजे ३,००,०००. संग्रहालयातली अडीच वर्षं तुमच्या डाव्या बुटाने एका महिन्यात काढली, आणि यात थेट ऊन धरलेलंच नाही. मध्ये प्लास्टिकचा पडदा असलेली दुपदरी सुरक्षाकाच अतिनील किरण जवळपास सगळे अडवते, पण रंग फक्त त्यांनीच उडत नाही, साध्या उजेडानेही उडतो. उपाय एकच, माल फिरवत राहा. दर पंधरवड्याला डावा आत, उजवा बाहेर. दोघे बरोबरीने म्हातारे होतील.

अर्धी_ओळ

आले परत! दहा दिवस गायब होते, कारण खिडकीत होते.

काय केलं ते सांगते. मागची भिंत फिक्या मातकट रंगाची केली (तीन हात लागले, खालचा निळा डोकं वर काढत होता). ढग काढले. फार जिवावर आलं. टाचणीताईंनी सांगितलं तशी मैत्रिणीच्या नवऱ्याला आत बसवून मी बाहेरून हातवारे केले. पहिल्या तासात आमचं भांडण झालं, काचेतून, आवाजाविना. चार माणसं बघायला थांबली.

गोष्ट एकच ठेवली: एक जिना. जुन्या लाकडी खोक्यांच्या पायऱ्या, आणि त्यावर चढत जाणारा तपकिरी बुटांचा एकच प्रकार, नऊ नग, सगळे डावे. शेवटच्या पायरीवर एकच उजवा, लाल. खोकी तशीच ठेवली, खिळ्यांचे गंज सुद्धा. लाल बुटावर फोकस, कडेने एक दिवा.

दुपारी दिसतं! पूर्ण नाही, वरच्या तिसऱ्या भागात अजून आभाळ आहे. पण लाल बूट पलीकडच्या फुटपाथवरून कळतो. मैत्रिणीचा नवरा म्हणाला, "बाकीचा माल कुठे आहे?" मैत्रिणीने त्याला गल्ल्यावर पाठवलं.

टाचणी

नऊ डावे, एक उजवा! छान. एक सुचवू? लाल बूट अगदी मधोमध असेल तर काचेच्या मध्यापासून एक हात बाजूला घ्या, लोक ज्या बाजूने जास्त येतात तिकडे. तिरक्या नजरेला तो आधी सापडेल.

अर्धी_ओळ

मधोमधच आहे. सकाळी हलवते.

अजून एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी चार-साडेचारला ऊन समोरून येतं आणि काच पुन्हा आरसा होते. काल त्या वेळी एक पोरगं, सहा-सात वर्षांचं असेल, काचेला दोन्ही हात लावून आत बघत होतं. त्याच्या डोक्याएवढं भोक. मी बाजूला उभी राहून बघितलं, तर त्याच्या नजरेसमोर काय होतं? सगळ्यात खालच्या पायरीच्या खोक्याची मोकळी बाजू. आत अंधार आणि माझी विसरलेली स्टेपलर गन. तो तीच बघत होता, मन लावून.

आज त्या खोक्यात लहान मुलांच्या चपलांचा एक जोड ठेवलाय, आत छोटा दिवा लावून. मोठ्यांना दिसत नाही, वाकावं लागतं.

गल्लेवाला

हे आवडलं. दोन्ही पाय ठेवलेत ना? लहान मुलांचा जोड कोणी चोरत नाही.

अर्धी_ओळ

दोन्ही ठेवलेत काका. पंधरा दिवसांनी बदलणार, लिहून ठेवलंय.

जाता जाता शेवटचा प्रश्न. काचेवर आधीच्या कोणीतरी व्हिनाइलची अक्षरं चिकटवली होती. अक्षरं निघाली, डिंकाचे डाग नाहीत निघत. कडेने ऊन आलं की जुन्या सेलचं अख्खं वाक्य परत वाचता येतं.

टाचणी

केस वाळवायचं मशीन घ्या, डाग कोमट करा, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, उरलेलं स्पिरिटने पुसा. ब्लेड लावू नका, ओरखडा गेला की आयुष्यभर दिसतो. आणि पुसून झालं की आतून नाही, बाहेरून बघा.